शिकागो व्हाइट सॉक्स २०२४: १२१ पराभव आणि हंगामाच्या मध्येच दिलेला नारळ

८ ऑगस्ट २०२४ हा अमेरिकन बेसबॉलमधल्या व्हाइट सॉक्स क्लबसाठी सुट्टीचा दिवस होता, त्या दिवशी सामना नव्हता. त्याच दिवशी क्लबने मॅनेजर पेद्रो ग्रिफोल यांना नारळ दिला. त्यांच्यासोबत बेंच कोच (मॅनेजरचे मुख्य सहायक) चार्ली मोंतोयो, तिसऱ्या बेसचे कोच एडी रॉड्रिगेझ आणि फलंदाजीचे सहायक कोच माइक तोसार यांनाही घरी पाठवलं. तोपर्यंत संघाने २८ सामने जिंकले होते आणि ८९ हरले होते. सलग २१ पराभवांची मालिका दोनच दिवसांपूर्वी, ६ ऑगस्टला, ओकलंडमध्ये संपली होती. मालिका चालू असताना मॅनेजरला हात लावला नाही आणि ती तुटल्यावर लगेच त्याला काढलं, हा क्रम अनेकांना तेव्हाही खटकला होता.

ग्रिफोल यांना काढणं अन्यायाचं होतं असं मी मानत नाही. पण तो हंगाम त्यांच्यामुळे बुडाला नाही आणि त्यांच्या जाण्याने वरही आला नाही. बुडवणारे निर्णय डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेला मॅनेजर आणि खेळाडू बसतात तिथे, झालेच नव्हते. ते त्याच्या कितीतरी वरच्या मजल्यावर आणि कितीतरी आधी झाले होते. मधेच नेतृत्व बदलल्याने काय साधतं आणि काय साधत नाही हे तपासायला बेसबॉलच्या अलीकडच्या इतिहासात याहून स्वच्छ उदाहरण मला दिसत नाही.

बेसबॉलची फारशी ओळख नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. इथला मॅनेजर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला मुख्य प्रशिक्षक आणि मैदानावरचा कर्णधार असे दोघे एकाच माणसात. कोण खेळणार, कोणत्या क्रमाने फलंदाजीला येणार, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कधी बदलायचा, हे सगळं तो ठरवतो. मात्र संघात माणसं कोणती घ्यायची हे त्याच्या हातात नसतं. खरेदी-विक्री, करार, तरुण खेळाडूंची निवड ही कामं जनरल मॅनेजरची, आणि पैशाची दोरी मालकाच्या हातात. मोसम १६२ सामन्यांचा. इतक्या लांबच्या मोसमात अगदी भिकार संघही साठेक सामने जिंकून जातो. शंभर पराभव ही नामुष्कीची खूण मानली जाते. व्हाइट सॉक्सने १२१ गाठले.

बांधलेला संघ कसा उसवला

या गोष्टीची सुरुवात २०१६ च्या डिसेंबरमध्ये होते. शिकागोच्या दक्षिण भागातल्या या क्लबने २००५ मध्ये विश्वविजेतेपद मिळवलं होतं, तेही ८८ वर्षांनी. त्यानंतर हळूहळू उतरण लागली. तेव्हाचे जनरल मॅनेजर रिक हान यांनी जुना संघ मोडून नवा बांधायचं ठरवलं. डावखुरा पिचर ख्रिस सेल बॉस्टनला देऊन योआन मोंकाडा आणि मायकल कोपेक आणले. ॲडम ईटनच्या बदल्यात लुकास जिओलिटो आला. पुढच्या उन्हाळ्यात होझे किंताना शहरातल्याच कब्ज या दुसऱ्या क्लबला देऊन एलोय हिमेनेझ आणि डिलन सीज मिळवले. क्यूबाचा लुईस रॉबर्ट याला २६ दशलक्ष डॉलर मोजून करारबद्ध केलं. तीन-चार वर्षं मुद्दाम हरायचं आणि मग दहा वर्षं जिंकायचं, असा हा बेत. त्या काळात ह्यूस्टन आणि शिकागो कब्ज यांनी तो यशस्वी करून दाखवला होता, त्यामुळे चाहत्यांनीही पराभव धीराने पचवले.

२०२० मध्ये फळ दिसू लागलं. करोनामुळे आखडलेल्या ६० सामन्यांच्या मोसमात संघ ३५-२५ (विजय-पराभव) असा राहिला आणि २००८ नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बादफेरीत, पोचला. मॅनेजर होते रिक रेंतेरिया. मोसम संपताच त्यांना काढलं. इथून पुढे जे घडलं त्याच्याकडे मी सगळ्यात जास्त लक्ष देतो, कारण २०२४ चं बी त्यात आहे.

मालक जेरी राइन्सडॉर्फ यांनी क्लब १९८१ मध्ये घेतला. त्यांच्या पहिल्या दिवसांत संघाचे मॅनेजर होते तरुण टोनी ला रूसा. १९८३ मध्ये त्यांनी संघाला गटविजेतेपद मिळवून दिलं, पण १९८६ च्या जूनमध्ये, मोसमाच्या मध्येच, त्यांची उचलबांगडी झाली. ला रूसा ओकलंडला गेले, पुढे सेंट लुईसला. तीन विश्वविजेतेपदं मिळवून ते हॉल ऑफ फेममध्ये पोचले. १९८६ चा तो निर्णय होऊ दिला याची खंत राइन्सडॉर्फ यांनी पुढे वर्षानुवर्षं बोलून दाखवली. अखेर २९ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांनी ७६ वर्षांच्या ला रूसांना परत मॅनेजर म्हणून आणलं. त्या पदासाठी ए. जे. हिंच यांचं नाव जोरात चर्चेत होतं. क्लबने ला रूसांच्या नेमणुकीचा जो ईमेल पाठवला, त्यातल्या चित्रावर सही चक्क हिंच यांची निघाली, हे तेव्हा सगळीकडे छापून आलं. दुसऱ्याच दिवशी हिंच डेट्रॉइट टायगर्सचे मॅनेजर झाले. डेट्रॉइटचं नाव लक्षात ठेवा.

२०२१ चं वर्ष छान गेलं. ९३ विजय, गटविजेतेपद, आणि ऑगस्टमध्ये आयोवातल्या मक्याच्या शेतात उभारलेल्या मैदानावर यांकीजविरुद्ध टिम अँडरसनने शेवटच्या क्षणी मारलेला विजयी होम रन (आपल्या षटकारासारखा फटका). प्लेऑफमध्ये ह्यूस्टनने ३-१ असं हरवलं, तरी संघ तरुण होता आणि पुढची वर्षं आपलीच असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात तोच कळस ठरला. २०२२ मध्ये दुखापतींनी संघ ८१-८१ वर अडकला आणि ला रूसा प्रकृतीच्या कारणाने बाजूला झाले. नोव्हेंबरमध्ये कॅन्सस सिटीचे बेंच कोच ग्रिफोल आले. मॅनेजर म्हणून मोठ्या लीगमधली त्यांची ही पहिलीच नेमणूक.

२०२३ मध्ये पराभव १०१ झाले. त्याहून वाईट होतं ते आतल्या शिस्तीचं चित्र. ऑगस्टमध्ये यांकीजकडे गेलेला रिलीफ पिचर (सामन्याच्या मध्ये बदली म्हणून येणारा) कीनन मिडलटन याने उघडपणे सांगितलं की या संघात नियमच नव्हते, खेळाडू बैठका चुकवत, नवखे पिचर सामना चालू असताना बुलपेनमध्ये (बदली पिचर थांबतात त्या जागेत) झोपत, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. संघातून गेलेल्या लान्स लिननेही त्याला दुजोरा दिला. या गोष्टींची जबाबदारी मॅनेजरवर येतेच, आणि ग्रिफोल यांच्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा माझ्या मते हाच आहे, २०२४ मधला एकही पराभव नव्हे.

२२ ऑगस्ट २०२३ ला राइन्सडॉर्फ यांनी हान आणि त्यांचे वरिष्ठ केनी विल्यम्स या दोघांना एकदम काढलं. दोघेही दोन दशकांहून जास्त काळ क्लबमध्ये होते. मग अपेक्षा अशी होती की बाहेरून कुणी अनुभवी माणूस येईल, सगळं उलटंपालटं करून पाहील. नऊ दिवसांत ख्रिस गेट्झ यांचं नाव जाहीर झालं. गेट्झ २०१६ पासून क्लबच्या मायनर लीग विभागाचे प्रमुख होते, म्हणजे तरुण खेळाडू घडवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. बाहेरच्या माणसाचं एक वर्ष नुसतं ओळख करून घेण्यात जाईल, असं मालकांचं स्पष्टीकरण होतं.

गेट्झ यांच्याबद्दल माझी वैयक्तिक तक्रार नाही. पण ज्या क्लबचं खरं दुखणं ‘खालून खेळाडू तयार होऊन येत नाहीत’ हे होतं, त्या क्लबने शोध न घेता त्याच विभागाच्या प्रमुखाला वर बसवलं. हा निर्णय घाईचा होता. आणि गेट्झ यांनी त्या हिवाळ्यात ग्रिफोल यांना कायम ठेवलं. नवा जनरल मॅनेजर, १०१ पराभवांचा मॅनेजर, बेशिस्तीचे जाहीर आरोप: मॅनेजर बदलायला याहून योग्य वेळ कोणती असते? हिवाळ्यात शांतपणे, सगळे उमेदवार उपलब्ध असताना, हे करता आलं असतं.

हंगाम

२०२४ सुरू होण्याआधी पंधरा दिवस डिलन सीज सॅन डिएगोला गेला. त्याच्या बदल्यात आलेले चौघे बहुतांशी भविष्यासाठी होते. टिम अँडरसनचा करार पुढे चालवला नव्हता. बचाव आणि मूलभूत खेळ सुधारायचा म्हणून स्वस्तातले अनुभवी खेळाडू गोळा केले. त्यात एक खरेदी खरोखर चांगली होती: कोरियन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरून परतलेला पिचर एरिक फेडी, दोन वर्षांसाठी १५ दशलक्ष डॉलर.

सलामीचा सामना २८ मार्चला डेट्रॉइटविरुद्ध झाला. तोवर फक्त रिलीफ पिचर म्हणून खेळलेला गॅरेट क्रोशे प्रथमच सामन्याची सुरुवात करत होता. त्याने सहा इनिंगमध्ये एकच धाव दिली आणि आठ जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडू मारू न देताच बाद केलं. संघ १-० असा हरला. सगळ्या वर्षाची जातकुळी या एका धावफलकात होती: पिचरने जीव तोडून टाकावं आणि फलंदाजांनी एकही धाव करू नये. एप्रिलच्या पहिल्या दहा दिवसांतच रॉबर्ट आणि मोंकाडा दोघे जायबंदी झाले. मोंकाडा वर्षभरात फक्त १२ सामने खेळला. हिमेनेझही आत-बाहेर होत राहिला. २०१६-१७ च्या बेतातल्या उरल्यासुरल्या मोहऱ्यांपैकी तीन असे एकाच महिन्यात गळाले. त्यांची जागा घ्यायला मायनर लीगमधून कुणी तयार नव्हतं, आणि खरं घोडं इथेच अडलेलं होतं.

पहिल्या २५ सामन्यांत ३ विजय, २२ पराभव. मग थोडी धुगधुगी आली. टँपा बेला लागोपाठ तीन सामन्यांत हरवलं आणि मे महिन्यात काही दिवस हा संघ निव्वळ कमकुवत वाटत होता, हास्यास्पद नव्हे. २३ मेच्या रात्री बाल्टिमोरविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये ८-६ अशी झुंज चालू असताना एक उंच उडालेला चेंडू पंचांनी इनफिल्ड फ्लाय ठरवला, म्हणजे झेल घेण्याआधीच फलंदाज बाद. तेवढ्यावर न थांबता दुसऱ्या बेसवरच्या अँड्र्यू व्हॉनने क्षेत्ररक्षकाला अडथळा केला म्हणून त्यालाही बाद दिलं आणि सामना तिथेच संपला. क्षेत्ररक्षकाने झेल आरामात घेतला होता. नियमाचा इतका कडक अर्थ लावायची गरज नव्हती, अशी टीका बरीच झाली. पण तो सामना १४ सलग पराभवांच्या मालिकेतला केवळ एक होता. त्याच मालिकेत पुन्हा बाल्टिमोरकडून हरल्यावर ग्रिफोल पत्रकारांसमोर म्हणाले की संघ निस्तेज खेळला, आणि काही खेळाडूंनी पत्रकारांपाशीच ते नाकारलं. मॅनेजर आणि खेळाडू एकमेकांशी वर्तमानपत्रांतून बोलू लागले की डगआउटमध्ये काय उरलं असेल, हे सांगायला नको.

१० जुलैला मोठी मालिका सुरू झाली. ऑल-स्टार सुट्टीच्या (निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठीच्या मधल्या सुट्टीच्या) आधी, नंतर, घरी, बाहेर, सगळीकडे पराभव. २५ जुलैला सॅन डिएगोच्या डिलन सीजने वॉशिंग्टनमध्ये नो-हिटर टाकला. पूर्ण नऊ इनिंगमध्ये प्रतिस्पर्ध्याला एकही हिट नाही. ज्या क्लबने त्याला घडवला त्या क्लबचे चाहते त्या आठवड्यात पराभव मोजत होते. ३० जुलैला खरेदी-विक्रीची मुदत संपली. तोवर फेडी आणि टॉमी फॅम सेंट लुईसला, कोपेक लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे, हिमेनेझ बाल्टिमोरला आणि होम रनमध्ये संघात सगळ्यांच्या पुढे असलेला पॉल डियाँग कॅन्सस सिटीला गेला होता. फेडीने अशा संघातून ७ विजय आणि ४ पराभव अशी कामगिरी केली होती. त्या उन्हाळ्यात मला सगळ्यात अविश्वसनीय वाटलेला आकडा तोच.

५ ऑगस्टला ओकलंडमध्ये एकविसावा पराभव झाला आणि अमेरिकन लीगच्या (मोठ्या बेसबॉलच्या दोन लीगपैकी एकीच्या) विक्रमाची बरोबरी झाली. दुसऱ्या रात्री अँड्र्यू बेनिंटेंडीने होम रन मारला, तरुण जोनाथन कॅननने चांगलं पिचिंग केलं आणि संघ ५-१ असा जिंकला. सातव्या तारखेला पुन्हा हार. आठव्या तारखेला नारळ.

८ ऑगस्टचा निर्णय

जागेवर आले ग्रेडी साइझमोर, वय ४२. क्लीव्हलंडकडून खेळताना ते तीन वेळा ऑल-स्टार झाले होते. २००८ मध्ये त्यांनी एकाच मोसमात तीसहून जास्त होम रन आणि तीसहून जास्त चोरलेले (फटका नसताना धावून गाठलेले) बेस केले होते. पुढे गुडघा आणि पाठ यांच्या शस्त्रक्रियांनी कारकीर्द खाल्ली. २०२३ मध्ये ते ॲरिझोनाच्या क्लबमध्ये खेळाडू घडवण्याच्या विभागात अगदी कनिष्ठ पदावर काम करत होते, आणि २०२४ च्या मोसमासाठी व्हाइट सॉक्सच्या कोचांमध्ये आले होते. मॅनेजर म्हणून अनुभव शून्य. कायमचा मॅनेजर बाहेरून शोधायचा असल्याचं गेट्झ यांनी सूचित केलं होतं, म्हणजे साइझमोर यांच्याकडून कुणी चमत्काराची अपेक्षा ठेवली नव्हती. उरलेले ४५ सामने माणसासारखे पार पाडा, तरुणांना खेळवा, डगआउटमधला ताण उतरवा, एवढंच काम होतं.

मग बदलाने काय झालं? नोंदी सांगतात की ग्रिफोल यांच्या हाताखाली संघाने २३.९ टक्के सामने जिंकले आणि साइझमोर यांच्या हाताखाली, १३-३२ या हिशेबाने, २८.९ टक्के. म्हणजे सुधारणा झाली असं वाटतं. आता ग्रिफोल यांच्या ११७ सामन्यांतून शेवटची मालिका सुरू होण्याआधीचे ९४ घ्या: २७ विजय, ६७ पराभव, म्हणजे २८.७ टक्के. साइझमोर यांच्याशी जवळपास तंतोतंत जुळणारा आकडा. यावर कुणी म्हणेल की एकाच्या बाजूने २१ पराभव वगळायचे आणि दुसऱ्याचे सगळे धरायचे, हा लबाडीचा हिशेब आहे. आक्षेप बरोबर आहे. त्यामुळे हे ग्रिफोल यांच्या बचावासाठी मी मांडत नाही. माझा मुद्दा एवढाच की दोन अगदी वेगळ्या स्वभावांच्या माणसांच्या हाती हा संघ साधारण एकाच पातळीवर खेळला, आणि ती पातळी संघात कोण होतं त्यावरून ठरली होती. उलट बाजूने साइझमोर यांच्या पदरात एक गोष्ट टाकायलाच हवी. त्यांच्या हाती आलेला संघ ३० जुलैनंतरचा, आणखी रिकामा झालेला होता. त्या संघाने तीच पातळी टिकवली, म्हणजे त्यांनी काहीतरी चांगलं नक्की केलं.

पण सलग १२ पराभवांची आणखी एक मालिका त्यांच्याही वाट्याला आली. एकाच वर्षात १४, २१ आणि १२. पहिल्या दोन मालिकांचा दोष आपण एका माणसाला देऊ शकलो असतो, पण तिसरी त्याच्या गेल्यानंतरची आहे.

धावांचा हिशेब तर अधिकच बोलका आहे. वर्षभरात संघाने ५०७ धावा केल्या आणि ८१३ दिल्या. बेसबॉलमध्ये केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांवरून विजयांचा अंदाज काढायची एक जुनी पद्धत आहे. ती लावली तर या संघाला साधारण ४५ विजय मिळायला हवे होते. मिळाले ४१. म्हणजे दुर्दैव, शेवटच्या इनिंगमध्ये घालवलेले सामने, पिचर बदलताना मॅनेजरने केलेल्या चुका, हे सगळं एकत्र धरलं तरी चार विजयांचा प्रश्न होता. जगातला सर्वोत्तम मॅनेजर आणला असता तरी फार तर १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा विक्रम शाबूत राहिला असता. त्या मेट्सची गोष्ट तरी वेगळी होती. तो त्यांचा पहिलाच मोसम, इतर क्लबांनी नको म्हणून सोडलेल्या खेळाडूंवर उभारलेला. व्हाइट सॉक्सला तीनच वर्षांपूर्वी ९३ विजय मिळाले होते.

मधेच केलेला बदल कधी लागू पडतो हे पाहायचं तर २०२२ चं फिलाडेल्फिया पाहावं. २२-२९ अशा सुरुवातीनंतर ३ जूनला जो जिरार्डी यांना काढलं आणि बेंच कोच रॉब थॉमसन यांच्याकडे सूत्रं दिली. पुढे ६५-४६, आणि थेट विश्वविजेतेपदाच्या अंतिम मालिकेत. त्या संघात ब्राइस हार्पर, काइल श्वारबर, झॅक व्हीलर, ॲरन नोला होते. गुण होते, ते आवळले गेले होते, आणि मॅनेजर बदलल्यावर ते मोकळे झाले. २००३ मध्ये फ्लॉरिडाने ७२ वर्षांच्या जॅक मकीन यांना मे महिन्यात आणलं आणि ऑक्टोबरमध्ये विश्वविजेतेपद जिंकलं, त्याचंही कारण हेच. शिकागोत मोकळं करण्यासारखं काही शिल्लक नव्हतं.

खरं साम्य १९८८ च्या बाल्टिमोरशी आहे. पहिले सहा सामने हरल्याबरोबर त्यांनी कॅल रिपकेन सीनियर यांना काढलं. त्यांचे दोन मुलगे त्याच संघात खेळत होते. फ्रँक रॉबिन्सनसारखा दिग्गज आला, तरी संघ आणखी १५ सामने हरला, एकूण सलग २१. तो मोसम ५४-१०७ वर संपला. पण पुढच्याच वर्षी तोच रॉबिन्सन, तरुण पिचर आणि नव्या खेळाडूंचा संघ घेऊन, ८७ सामने जिंकून आला. फरक हिवाळ्यात घडलेल्या संघाने पडला. रॉबिन्सन दोन्ही वर्षी तेच होते.

डेट्रॉइट

१२ ऑगस्टला साइझमोर यांना पहिला विजय मिळाला, तोही यांकीजविरुद्ध, १२-२. पुढे त्या वर्षी यांकीज विश्वविजेतेपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत गेले, म्हणून हा निकाल आणखीच विलक्षण वाटतो. सप्टेंबरभर मात्र आकडे वाढत राहिले. २२ तारखेला सॅन डिएगोत १२० वा पराभव झाला आणि मेट्सशी बरोबरी झाली. मग संघ घरी आला आणि एंजल्सविरुद्धचे तिन्ही सामने जिंकला. विक्रमाचा पराभव पाहायला आलेल्या, ‘क्लब विका’ अशा घोषणा देणाऱ्या प्रेक्षकांसमोर खेळाडूंनी ते होऊ दिलं नाही, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. हरण्याची सवय लागलेला संघ असं खेळत नाही.

२७ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये ४-१ अशी हार झाली आणि १२१ पूर्ण झाले. १९०० नंतरच्या बेसबॉलमध्ये एका मोसमात इतके पराभव तोवर कुणाच्या वाट्याला आले नव्हते. त्याच विजयाने टायगर्सचा प्लेऑफमधला प्रवेश पक्का झाला, २०१४ नंतर प्रथमच. टायगर्सनीही जुलैअखेर आपला महत्त्वाचा पिचर जॅक फ्लॅहर्टी विकला होता, तेव्हा तेही हंगाम सोडून देत आहेत असंच सगळ्यांना वाटलं होतं. पण त्यांच्याकडे खालून आलेली तरुण पोरं होती आणि डगआउटमध्ये ए. जे. हिंच होते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ज्यांची सही चुकून शिकागोच्या ईमेलवर गेली होती, तेच. हिंच शिकागोला आले असते तर सगळं वेगळं झालं असतं असं मी म्हणणार नाही, कारण माणसं न घडवणाऱ्या क्लबमध्ये त्यांचंही फार चाललं नसतं. पण ती नेमणूक पात्रतेच्या शोधातून न होता मालकाच्या चौतीस वर्षं जुन्या खंतीतून झाली, आणि पुढचे निर्णयही त्याच वळणाने झाले, हे नाकारता येत नाही.

त्यानंतर

सगळ्यात जास्त हरणाऱ्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिली निवड मिळते असा समज असतो. तेही झालं नाही. मोठ्या शहरातल्या क्लबला लागोपाठ दोन वर्षं ड्राफ्टच्या लॉटरीत वरची जागा मिळू नये असा नियम आहे, म्हणून २०२५ मध्ये व्हाइट सॉक्सची पाळी दहावी आली. १२१ पराभवांचं तेवढंही भांडवल झालं नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये क्रोशे बॉस्टनला गेला. त्याने त्या भयंकर वर्षात १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट केले होते आणि त्याच्या नावावर लागले ६ विजय आणि १२ पराभव. या वेळी मात्र बदल्यात आलेली माणसं लवकर उपयोगी पडली. कॅचर काइल टील आणि चेस मिड्रॉथ २०२५ मध्येच मोठ्या संघात खेळू लागले. टेक्सासहून आलेले नवे मॅनेजर विल व्हेनेबल यांच्या हाताखाली संघ ६०-१०२ वर आला. मिल्वॉकीकडून जवळपास फुकटात उचललेला शेन स्मिथ पहिल्याच वर्षी ऑल-स्टार झाला, आणि क्लबच्या स्वतःच्या मायनर लीगमधून आलेल्या कोल्सन माँटगोमेरीने ७१ सामन्यांत २१ होम रन मारले. १९ विजय वाढले. व्हेनेबल यांचा वाटा त्यात असेलच, पण माँटगोमेरी, टील आणि स्मिथ डगआउटमध्ये घडले नाहीत. हे श्रेय गेट्झ यांच्या कार्यालयाला जातं, आणि २०२३ ची त्यांची नेमणूक मला कितीही घाईची वाटत असली तरी ते त्यांना द्यायलाच हवं. साइझमोर कोच म्हणून क्लबमध्येच राहिले, फलंदाजीची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

राहता राहिले मालक. जून २०२५ मध्ये राइन्सडॉर्फ यांनी उद्योजक जस्टिन इश्बिया यांच्याशी करार जाहीर केला. त्यानुसार २०२९ ते २०३३ या काळात क्लबचा ताबा सोपवायचा की नाही हे राइन्सडॉर्फ ठरवतील, आणि २०३४ नंतर तो घेण्याचा हक्क इश्बिया यांना मिळेल. ज्या बदलासाठी २०२४ च्या सप्टेंबरमध्ये प्रेक्षक घसा कोरडा करत होते, तो तेव्हापासून पाच ते दहा वर्षांच्या अंतरावर होता.